गाणाऱ्याला म्हातारं होऊ द्या

१० जानेवारी २०१४ ला अटलांटाच्या फॉक्स थिएटरमध्ये अमेरिकन रॉक गायक ग्रेग ऑलमनच्या गाण्यांचा एक मोठा कार्यक्रम झाला होता, पुढे त्याची डीव्हीडीही निघाली, आणि त्यातलं एक गाणं मी इतक्यांदा बघितलंय की आता घरच्यांनाही ते पाठ झालंय. 'दीज डेज'. ग्रेग तेव्हा ६६ वर्षांचा, पांढऱ्या केसांची पोनीटेल, लिव्हर ट्रान्सप्लांट होऊन साडेतीन वर्षं झालेली. सोबत गायला गीतकार-गायक जॅक्सन ब्राउन, तो ६५ चा, आणि मूळ गाणं त्याचंच. त्याने ते लिहिलं तेव्हा तो १६ वर्षांचा होता. म्हणजे आजकाल मी फारसा बोलत नाही, जे करायचं राहून गेलं तेच आठवत बसतो, माझ्या चुका आता मला दाखवू नका, असलं सगळं एका शाळकरी पोराने लिहून ठेवलं, आणि जवळजवळ पन्नास वर्षांनी दोन म्हातारे ते एकत्र गातायत.

मी हा व्हिडिओ एका जवळच्या मित्राला पाठवला. तो रॉक मनापासून ऐकणारा, ग्रेगच्या ऑलमन ब्रदर्स बँडचे जुने अल्बम त्याच्याकडून घेऊनच मी पहिल्यांदा ऐकलेले. त्याचं उत्तर आलं, "आवाज गेलाय रे याचा. वेळेत थांबायला हवं होतं." मला ते वाक्य लागलं. मित्राचा राग नाही आला, कारण हेच वाक्य मी वेगवेगळ्या गायकांबद्दल शंभर ठिकाणी ऐकलंय, पूर्वी कधीतरी स्वतःही बोललोय. पण आता मला ते साफ चुकीचं वाटतं आणि का वाटतं ते सविस्तर सांगायचंय.

आधी ग्रेग कोण ते थोडक्यात, कारण आपल्याकडे सदर्न रॉक ऐकणारे कमीच. ग्रेग आणि ड्वेन हे दोघे सख्खे भाऊ, जन्म टेनेसीतल्या नॅशव्हिलचा, वाढले नंतर फ्लोरिडात डेटोना बीचला. ग्रेग दोन वर्षांचा असताना वडिलांचा खून झाला, १९४९ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी. आईने एकटीने दोघांना वाढवलं. मार्च १९६९ मध्ये जॅक्सनव्हिलला ऑलमन ब्रदर्स बँड उभा राहिला, मग सगळे जॉर्जियातल्या मेकनला राहायला गेले. ड्वेन गिटारवर, ग्रेग हॅमंड ऑर्गनवर आणि गायला. ब्लूज, जाझ, कंट्री सगळं एकत्र घुसळून त्यांनी जे काढलं त्याला पुढे लोक सदर्न रॉक म्हणायला लागले. आणि बँडमध्ये पहिल्या दिवसापासून जेमो हा काळा ड्रमर होता, १९६९ च्या जॉर्जियात, जिथे गोऱ्या-काळ्यांनी एका टेबलावर बसून जेवणं अजून सहज झालेलं नव्हतं. हे मुद्दाम सांगतोय, पुढे लागणार आहे.

२९ ऑक्टोबर १९७१ ला मेकनमध्येच मोटरसायकलच्या अपघातात ड्वेन गेला, २४ वर्षांचा. साधारण वर्षभराने त्या जागेपासून काही गल्ल्या पलीकडे बासिस्ट बेरी ओकली, तोही मोटरसायकलवरच, तोही २४ चा. ड्वेनच्या अंत्यविधीला २३ वर्षांच्या ग्रेगने 'मेलिसा' गायलं, कारण ते भावाचं आवडतं गाणं होतं. गाणं १९६७ चं, ड्वेनच्याच गिटारवर सुचलेलं, आणि नाव मिळत नव्हतं तर किराणा दुकानात एक बाई धावत्या पोरीला हाक मारत होती त्यातून मेलिसा हे नाव मिळालं, असं ग्रेग स्वतः सांगायचा. ऑर्गनवरून उठून, पुढे येऊन, अकूस्टिक गिटार गळ्यात अडकवून तो हे गाणं गायचा. शेवटपर्यंत गायला.

आता मला सांगा, विशीच्या आतल्या पोराने हौसेने लिहिलेलं गाणं, मग तेच भावाच्या शवपेटीसमोर गायलेलं, मग दारू आणि ड्रग्जमध्ये बुडालेल्या वर्षांत गायलेलं, मग १९७६ ला कोर्टात आपल्याच रोड मॅनेजरविरुद्ध साक्ष दिली म्हणून बँड फुटला त्याच्यानंतर गायलेलं, मग नव्वदीच्या मध्यावर व्यसनं सुटल्यावर गायलेलं, मग दुसऱ्याचं लिव्हर पोटात घेऊन गायलेलं. हे एकच गाणं आहे का? आणि यातलं खरं कुठलं, आणि बाकीचं बिघडलेलं कुठलं, हे ठरवणारे आपण कोण?

'दीज डेज'मध्ये तर एक बारीक गोष्ट आहे जी कळल्यापासून मला ते गाणं वेगळंच ऐकू येतं. ब्राउनच्या शब्दांत शेवटी गाणारा म्हणतो की माझं अपयश माझ्यापुढे आणू नका, मी ते विसरलेलो नाही. ग्रेगने १९७३ ला आपल्या 'लेड बॅक' या अल्बमवर ते गायलं तेव्हा शेवट थोडा बदलला, त्याचा अर्थ होतो, मला ते माहीत आहे. बदल एवढासाच. पण विसरलो नाही यात अजून थोडी तक्रार आहे, थोडं भांडण आहे. माहीत आहे यात भांडण संपलेलं आहे. आणि गाणं त्याने संथ केलं, इतकं की ब्राउनने त्याच वर्षी स्वतःच्या अल्बमवर हे गाणं घेतलं तेव्हा मांडणी ग्रेगच्या गाण्यावरून सुचल्याचं श्रेय छापून दिलं. तेव्हा ग्रेग २५ चा होता. पंचविशीत तो हे समजून गायला, पण ६६ व्या वर्षी त्याला समजून घ्यायची गरजच उरली नव्हती. फॉक्स थिएटरमधलं ते गाणं ऐकताना मला हेच जाणवतं.

आवाज गेला म्हणजे नेमकं काय होतं तेही बघूया, कारण 'गेला' हा शब्द आपण फार सैल वापरतो. वय वाढतं तशा स्वरतंतूंमधल्या स्नायूंची जाडी कमी होते, ते पूर्ण जुळत नाहीत आणि मध्ये हवा निसटते, म्हणून तो घोगरेपणा, ती खरखर. स्वरयंत्राची कूर्चा कडक होत जाते. फुप्फुसांची क्षमता कमी होते म्हणजे दमसास कमी, एका श्वासात जी ओळ जायची तिला आता मध्ये तोडावं लागतं. वरचे सूर सहज लागत नाहीत. हे सगळं खरं आहे आणि यात लपवण्यासारखं काही नाही. आरडाओरडीचं, धावतं, जोशाचं गाणं असेल तर याने नुकसान होतं, हे मी मान्य करतो. ऑलमन ब्रदर्सचं 'व्हिपिंग पोस्ट' पंचविशीच्या छातीतूनच यायला हवं असं कोणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. पण मागे वळून बघणारं संथ गाणं, त्याचं काय? ओळ मध्ये तुटली तर त्या तुटण्यात अर्थ येतो. श्वास घ्यायला थांबला की ऐकणाराही थांबतो. तरुण गायकाला हा ठहराव अभिनयाने आणावा लागतो, म्हाताऱ्याकडे तो शरीरातूनच येतो.

तरी लोक म्हणणार, रेकॉर्डसारखं नाही झालं. मला वाटतं सगळ्या भांडणाचं मूळ या एका वाक्यात आहे. रेकॉर्डने आपल्याला एक सवय लावली, की गाणं म्हणजे एका विशिष्ट दिवशी एका विशिष्ट खोलीत झालेला आवाज, आणि त्यानंतरचं सगळं त्याची कमी-जास्त चांगली कॉपी. १९७३ चा आवाज हाच खरा आवाज, आणि गायक नावाचा माणूस त्या आवाजाचा फक्त राखणदार, त्याने तो जपून आपल्याला दरवर्षी आणून दाखवायचा. जसं होतं तसंच पाहिजे.

ही 'जसं होतं तसंच'ची मागणी किती जड पडू शकते ते बघायचं तर लिनर्ड स्किनर्ड या दुसऱ्या सदर्न रॉक बँडकडे बघा. २० ऑक्टोबर १९७७ ला मिसिसिपीत त्यांचं विमान कोसळलं, गायक रॉनी व्हॅन झँट गेला, २९ वर्षांचा. दहा वर्षांनी, १९८७ ला, वाचलेल्यांनी श्रद्धांजली म्हणून टूर काढली आणि धाकटा भाऊ जॉनी गायला उभा राहिला. 'फ्री बर्ड' त्या टूरमध्ये बँड नुसतं वाजवायचा, शब्द प्रेक्षक गायचे. भावाची जागा घ्यायला त्याचं मन तयार नसणार हे कुणालाही समजेल. पुढे तो गायला लागला, आणि आज हिशोब केला तर ही गाणी रॉनीने जितकी वर्षं गायली त्याच्या कितीतरी पट वर्षं जॉनीने गायली आहेत. 'सिंपल मॅन' घ्या, आई मुलाला जवळ बसवून सांगते की साधा माणूस हो, घाई करू नको, असं ते गाणं. रॉनीने ते गायलं तेव्हा तो पंचविशीचा, म्हणजे गाण्यातला मुलगाच. जॉनी आता साठी ओलांडलेला आहे, तो गातो तेव्हा मला मुलाचा आवाज ऐकू येत नाही, तो उपदेश आयुष्यभर जवळ बाळगून म्हातारा झालेल्या माणसाचा आवाज ऐकू येतो. तरी त्याला आजही रॉनीशी ताडून बघणारे लोक आहेतच. माणसाने चार दशकं मेलेल्या भावाच्या तराजूत बसायचं म्हणजे काय हे त्यांना कधीतरी विचारावंसं वाटतं मला.

आणि ही मागणी फक्त आवाजावर थांबत नाही. स्किनर्डच्या स्टेजवर सत्तरच्या दशकापासून कॉन्फेडरेट झेंडा असायचा, अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढलेल्या बाजूचा झेंडा. सप्टेंबर २०१२ मध्ये बँडचा मूळ गिटारिस्ट गॅरी रॉसिंग्टन एका मुलाखतीत म्हणाला की कू क्लक्स क्लॅनवाल्यांनी आणि स्किनहेड्सनी, म्हणजे गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या टोळ्यांनी, हा झेंडा पळवलाय, आम्हाला त्यांच्याशी आमचं नाव जोडलेलं नकोय. साठी गाठलेला माणूस, जन्मभर ज्या झेंड्यासमोर वाजवलं त्याच्याबद्दल फेरविचार करतोय, यापेक्षा जास्त चिंतनाची गोष्ट कुठली असणार! पण चाहते खवळले, आणि काही दिवसांतच झेंडा राहील असा खुलासा करावा लागला. माझ्या मते हे तेच आहे. आवाज बदलू नको, पट्टी उतरवू नको, झेंडा काढू नको, मत बदलू नको. आम्ही तुला २५ वर्षांचा असताना विकत घेतलंय. पुढे २०१५ ला चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ काळ्या माणसांना गोळ्या घालून मारल्यावर ग्रेग ऑलमनला याच झेंड्याबद्दल विचारलं, तेव्हा त्याने एवढंच सांगितलं की मला संगीत प्रेमळ म्हाताऱ्या काळ्या माणसांनी शिकवलं, आणि लोकांना या झेंड्यात गुलामगिरी दिसत असेल तर सगळे झेंडे जाळून टाका. ६७ वर्षांचा होता तो तेव्हा. म्हातारा माणूस असं बोलू शकतो, पण त्याला बदलायची मुभा असेल तर.

मराठी कानाला हे समजणं खरं तर सोपं जायला पाहिजे. आपण बैठकीत वाढलेलो लोक आहोत. २००७ च्या सवाई गंधर्वमध्ये भीमसेनजी गायले, ८५ वर्षांचे, मोठ्या आजारपणानंतर आणि काही वर्षांच्या खंडानंतर. तरुणपणीची ती तान आता कुठे, असं म्हणून तिथे कोणी उठून गेलं नाही. लोक रडले. कारण आपल्याला लहानपणापासून माहीत असतं की गवयाचं गाणं वयाबरोबर बदलतं, फिरत कमी होते आणि एका स्वरावर थांबणं वाढतं, आणि ते ऐकायचंही एक वय असतं. मग हाच कान रॉकच्या बाबतीत एकदम वेगळा का होतो? तिथेही मुळात ब्लूज आहे, आणि ब्लूज हे म्हाताऱ्यांचं संगीत आहेच की.

आता मित्राची बाजू. तो मूर्ख नाही, त्याचे दोन मुद्दे आहेत आणि दोन्ही खरे आहेत. पहिला, तिकिटाचे पैसे. लोक महिनाभराच्या खर्चातून पैसे काढून तिकीट घेतात, पोस्टरवर तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा फोटो असतो, आणि समोर वेगळंच काहीतरी येतं. ही तक्रार मला मान्य आहे, पण ती गायकाविरुद्ध नाहीये, फोटो लावणाऱ्याविरुद्ध आहे. आजचा फोटो लावा ना. आजच्या आवाजाची जाहिरात करा. ज्याला ऑलमन ब्रदर्सचा १९७१ चा न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमधला कार्यक्रम हवाय त्याच्यासाठी ते रेकॉर्डिंग आहे आणि ते अप्रतिम आहे, कुठे गेलेलं नाही. मला जास्त राग कशाचा येतो तर म्हाताऱ्या गायकाच्या मागे आधी रेकॉर्ड केलेला आवाज गुपचूप सोडायचा याचा, म्हणजे लोकांना तरुण आवाज मिळावा म्हणून जिवंत माणसाला ओठ हलवायला लावायचे. गायकी दोन पट्ट्या खाली आणा, गाणी कमी करा, मोठ्या मैदानाऐवजी लहान हॉल घ्या, दोन कार्यक्रमांच्या मध्ये विश्रांतीचे दिवस ठेवा, वरचे सूर सोबतच्या तरुण गायकाला उघडपणे द्या. हे सगळं करता येतं आणि करणारे करतात. रॉसिंग्टनच्या हृदयाची मोठी ऑपरेशन्स झाल्यावर शेवटच्या काळात तो काही कार्यक्रमांत आणि काही गाण्यांपुरताच स्टेजवर यायचा, बाकीचं इतर लोक सांभाळायचे. कोणाचं काही बिघडलं नाही. मार्च २०२३ मध्ये तो गेला, तोपर्यंत जमेल तेवढं वाजवत राहिला.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे. म्हातारा गायक स्वतःच्या मर्जीने गातोय की त्याला गायला लावतायत? बँड म्हणजे एक छोटी कंपनी असते, साउंडवाले, लाइटवाले, ट्रक चालवणारे, ऑफिसातले लोक, सगळ्यांची घरं त्या एका गळ्यावर चालतात. रेकॉर्ड विकून पैसे मिळायचे दिवस गेले, स्ट्रीमिंगमधून हाती फार थोडं लागतं, त्यामुळे टूर काढणं ही बहुतेकांची मुख्य कमाई. अशा वेळी आजारी माणसाला नाही म्हणणं कठीण जातं, आणि आजूबाजूचेही त्याला थांब म्हणत नाहीत. इथे मी मित्राशी सहमत आहे, हे घडतं, आणि घडू नये. पण त्याचा इलाज म्हणजे गायकाच्या पायाखालचं स्टेज काढून घेणं नाही. न गाता जगता येईल एवढी सोय त्याच्याकडे असली की मग तो गातो का ते बघा. ती सोय असतानाही जो गातो त्याला तुम्ही आम्ही थांबवायचं कारण नाही.

ग्रेगच्या बाबतीत तरी उत्तर स्वच्छ आहे. २०१२ ला त्याचा लिव्हरचा कॅन्सर परत आला. रेडिएशन घेतलं असतं तर कदाचित थोडा काळ वाढला असता, पण आवाजाला इजा होण्याचा धोका होता, आणि त्याने ते नाकारलं, हे त्याच्या मॅनेजरने तो गेल्यावर सांगितलं. आजार त्याने बाहेर फार कोणाला कळू दिला नाही. म्हणजे फॉक्स थिएटरमध्ये 'दीज डेज' गाणाऱ्या त्या माणसाला हे सगळं माहीत होतं. ज्या आवाजाला माझा मित्र 'गेला' म्हणाला तो वाचवण्यासाठी त्याने आयुष्यातला काही काळ मोजून दिला होता. हे मी मित्राला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

२८ ऑक्टोबर २०१४ ला न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये ऑलमन ब्रदर्स बँडचा शेवटचा कार्यक्रम झाला, तो मध्यरात्र ओलांडून २९ तारखेत गेला, ड्वेन गेला ती तारीख. बरोबर दोन वर्षांनी, २९ ऑक्टोबर २०१६ ला, ग्रेग अटलांटात शेवटचा गायला. २७ मे २०१७ ला तो जॉर्जियातल्या सव्हानाजवळच्या आपल्या घरी वारला. मेकनच्या रोझ हिल कब्रस्तानात भावाजवळच त्याला पुरलं, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आले होते, ते ९२ वर्षांचे होते. १९७५ मध्ये याच बँडने त्यांच्या प्रचारासाठी पैसे उभे करायला कार्यक्रम केला होता.

मरण्याच्या साधारण वर्षभर आधी, मार्च २०१६ मध्ये, ग्रेग अलाबामातल्या मसल शोल्सला गेला, फेम स्टुडिओत, जिथे तरुण ड्वेन दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर गिटार वाजवून पोट भरायचा. निर्माता डॉन वॉज. तब्येतीमुळे दिवसातले थोडेच तास काम व्हायचं. 'सदर्न ब्लड' हा तो अल्बम, ग्रेग गेल्यावर सप्टेंबर २०१७ ला बाहेर आला. त्यातलं शेवटचं गाणं पुन्हा जॅक्सन ब्राउनचंच, 'साँग फॉर अॅडम', लवकर गेलेल्या एका मित्राबद्दलचं. त्यात शेवटाकडे एक जागा येते की तो आपलं गाणं अर्ध्यात सोडून गेला असं वाटतं. तिथे ग्रेगला ड्वेन आठवला आणि गळा दाटून आला, पुढच्या ओळी त्याला गाताच आल्या नाहीत. स्टुडिओ होता, दुसऱ्या दिवशी परत गाऊन घेता आलं असतं, दुसऱ्या कुणाकडून भरून घेता आलं असतं. त्यांनी ती जागा तशीच ठेवली. वाद्यं वाजत राहतात, आणि जिथे शब्द यायला हवे तिथे कोणीच गात नाही.